चंद्रकळेला घातलेला दंड

माझं आणि माझ्या विहिणीचं कधी जमलं नाही. माणूस गेल्यावर सगळे चांगलं बोलतात म्हणून मीही बोलावं, असं मला वाटत नाही. ती सोलापूरच्या वकिलाची बायको आणि मी इचलकरंजीकडच्या एका खेड्यातल्या विणकराची मुलगी. तिच्या माजघरात झोपाळा होता, आमच्या माजघरात माग. ती वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची. मी चौथीत शाळा सोडली आणि कांड्या भरायला बसले. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची नळी. बाप विणायचा, मी भरून द्यायची. पुढे लग्न झालं तेही पॉवरलूमवर काम करणाऱ्या माणसाशी. म्हणजे नाकात सुताची धूळ जायची काही थांबली नाही.

आता आम्ही दोघं मुलाकडे राहतो, ओहायोत, डब्लिन नावाच्या गावात. मुलगा आणि सून नोकरी करतात, नात शाळेत जाते. आमचे हे दिवसभर खिडकीशी खुर्ची घेऊन बसतात आणि कोणाची गाडी गेली, कोणाची आली ते मला सांगतात. मी स्वयंपाक करते. सून मला आवडते. तिला तसं मी कधी सांगितलेलं नाही. तिच्या डब्यात रोज काय जातं त्यावरून तिला कळत असेल, नसेल कळत तर राहिलं.

तिच्या आईला ती माई म्हणायची. माईची चंद्रकळा, माईची चंद्रकळा, असं ह्या घरात मी इतक्यांदा ऐकलं होतं की ते लुगडं बघायच्या आधीच मला त्याचा कंटाळा आला होता. चंद्रकळा म्हणजे काळं लुगडं. माईचं इरकली होतं, हातमागाचं. अंग सुती, काठ तांबडे रेशमी, पदर तांबडा. काळं नेसू नये असं बायकांना वर्षभर सांगतात आणि संक्रांतीला तेच नेसायला लावतात. विहीण दर संक्रांतीला तेच नेसायची आणि सोलापुरातल्या निम्म्या बायकांना घरी बोलवायची. सून लहानपणी तिच्या मांडीवर बसून तिळगुळाच्या पुड्या बांधायची म्हणे.

माई गेली तेव्हा सुनेला जाता आलं नाही. नुकतीच नोकरी बदलली होती, व्हिसाचे कागद कुठेतरी अडकले होते. इथून बाहेर पडली असती तर परत आत येता येईल की नाही, हे कोणी छातीठोक सांगेना. मुलगा म्हणाला, "तू ठरव." ती नाही गेली. तिनं सगळं फोनवर बघितलं. भावानं फोन धरला होता आणि त्याचा हात हलत होता. मध्येच कोणाची तरी पाठ दिसायची, मध्येच छत. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी कामाला बसली. मला वाटलं होतं, रडेल आणि मोकळी होईल. पण नाही. महिने गेले तरी नाही.

त्या संक्रांतीला तिनं हळदीकुंकू केलं नाही. पुढची संक्रांत जवळ आली तेव्हा आपण होऊन म्हणाली, "आई, यंदा करायचं. माईची चंद्रकळा नेसून करायचं. नऊवारीच. तुम्ही मला नेसवायची."

"बघू," मी म्हटलं.

"बघू नाही आई. एवढं एकच मला तिच्यासाठी करायचंय."

चंद्रकळा तोवर आली होती. भावानं कोणाच्या तरी बॅगेतून पाठवली होती. पण हिनं ती उघडली नव्हती. घडीच्या घडीच प्लास्टिकमध्ये कपाटात ठेवली होती. मी एकदा बोलले होते, "अगं, हातमागाचं लुगडं असं एका घडीवर ठेवू नये. मधूनमधून घडी बदलावी, नाहीतर घडीवर तुटतं." तर म्हणाली, "उघडलं की तिचा वास जाईल." वास जाणारच असतो. पण ते तिला कोण सांगेल.

संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी नेसून बघायचं ठरलं. बाहेर गुडघ्यापर्यंत बर्फ होता आणि घरात हीटरची ती कोरडी हवा, जिनं माझ्या टाचा फुटतात. सून बेडरूममध्ये उभी राहिली. नात पलंगावर फोन घेऊन बसली, व्हिडिओ काढायला. मी लुगडं उघडलं. वास होता, कापराचा आणि जुन्या लोखंडी ट्रंकेचा. सुनेनं डोळे मिटले. मी म्हटलं, "डोळे उघड, नाहीतर शिकणार कशी?"

पहिला वेढा घेतला, गाठ मारली. निऱ्या घालायला घेतल्या. नऊवारीच्या निऱ्यांना जोर लागतो, सहावारीसारख्या त्या बोटांवर नाचवत नाहीत. मी एक ओढ दिली आणि लुगडं माझ्या हातात फाटलं.

आवाज मोठा नव्हता. जुनं सूत फाटताना चर्र वाजत नाही, फुसकन जातं, पिकलेलं केळ मोडावं तसं. मी हात काढला तर बोटाबरोबर अजून थोडं आलं. घडीवर तर गेलंच होतं, पण घडीच्या अलीकडे पलीकडेही नुसती जाळी झाली होती. काळा रंग सुताला खातो, हे आमच्या घरी लहान पोरालाही माहीत होतं. त्यातून हे किती वर्षांचं, आणि त्यावर बाई किती बसलेली.

नात म्हणाली, "ओ माय गॉड, आजी."

"बंद कर तो फोन," मी म्हटलं.

सुनेनं लुगडं अंगावरून सोडलं, गोळा केलं आणि छातीशी धरून पलंगावर बसली. मग म्हणाली, "तुम्हाला एवढं ओढायची काय गरज होती?"

मला राग आला. पण तिचं तोंड बघून मी स्वयंपाकघरात निघून गेले. भांडी होती ती घासली. नव्हती तीही घासली.

खिडकीपाशी बसल्या बसल्या हे म्हणाले, "काय झालं?"

"विहिणीचं लुगडं फाटलं."

"तू फाडलंस?"

"तुमच्या मशीनवरचं असतं तर मी आनंदानं फाडलं असतं."

"आमच्या मशीनवरचं तुझ्यानं फाटलंच नसतं," हे म्हणाले आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले. ह्या माणसाशी माझा संसार कसा झाला हे लोक विचारतात. असाच झाला.

दुपारी सून खाली आली. डोळे कोरडेच. म्हणाली, "फ्रेम करून लावते. इथे एक बाई करून देते, काचेत."

मी म्हटलं, "काचेत? मग यंदा काय काच नेसणार आहेस?"

"मग काय करू, आई?"

"दंड घालू."

तिला दंड माहीत नव्हता. हल्लीच्या कोणाला माहीत असेल! नऊवारी लुगडं मध्ये आधी विरतं, कारण बाई त्यावर बसते, उठते, जात्याशी मांडी घालते. दोन्हीकडची टोकं मात्र धड राहतात. मग मधला विरलेला भाग कापून टाकायचा आणि दुसऱ्या तशाच लुगड्याचा धड भाग त्याला जोडायचा. दोन अर्ध्यांचं एक होतं. त्या जोडाला दंड म्हणायचं आणि नेसताना तो निऱ्यांत लपवायचा. लपला तर ठीक. नाही लपला तर चारचौघींना कळतं, हिच्या घरी नवं येत नाही.

मी तिला सांगितलं, "ह्याला जोडायला दुसरं नाही आपल्याकडे. पण फाटका भाग काढून उरलेलं एकमेकांना जोडलं तर सहावारी सहज होईल. तुला नेसायलाही सोपं."

"कापायचं?" ती म्हणाली. "माईचं लुगडं कापायचं?"

"फाटलेलंच कापायचं."

"फाटलंय तिथेच तर ती बसायची, आई. मी तिथेच बसायचे, तिच्या मांडीवर. तेच काढून टाकायचं म्हणता?"

"बसायची म्हणूनच फाटलं."

हे मी बोलायला नको होतं असं मुलानं नंतर मला सांगितलं. असेल. पण खोटं काय होतं त्यात? सून उठून वर गेली. रविवारी आम्ही दोघी एकमेकींशी फक्त मीठ, पोळी आणि बर्फ एवढ्याच विषयांवर बोललो. बायकांना निमंत्रणं गेलेली होती.

मला ह्या दंडाची एक जुनी गोष्ट आठवत होती आणि ती मी कोणाला सांगितली नव्हती. मुलासाठी मुलगी बघायला आम्ही सोलापूरला गेलो तेव्हा मी माझं हिरवं लुगडं नेसले होते. त्याला दंड होता. माझ्या हातचा होता, चांगला घातला होता, पण एस.टी.त उठताबसता निऱ्या हलल्या आणि तो पुढे आला. वकिलाच्या घरी माझी ओटी भरली. ही विहीणबाई कुंकू लावून तांदूळ घालायला वाकली आणि वाकता वाकता तिनं दोन बोटांनी माझी एक निरी ओढून त्या दंडावर घेतली. बोलली काही नाही. वर बघितलंही नाही. जणू माझ्या लुगड्यावर पडलेला तांदळाचा दाणा उचलला.

घरी आल्यावर मी ह्यांना सांगितलं, मुलगी चांगली आहे, आई गर्विष्ठ आहे. आमची गरिबी तिनं बघितली आणि आपल्या हातानं झाकली, म्हणजे आम्हालाही कळावं की तिनं बघितली. तेव्हापासून ती समोर आली की माझा हात आधी निऱ्यांकडे जायचा. त्यामुळे आमचं जमलं नाही, असं मी म्हणते. दुसरं कारण शोधलं तर सापडत नाही.

सोमवारी संध्याकाळी सून ऑफिसचं काम आटपून माझ्याकडे आली. हातात ते गाठोडं. म्हणाली, "निदान कुठेकुठे फाटलंय ते तरी बघू. कापायचं की नाही ते मग ठरवू."

आम्ही तळघरात गेलो, कारण एवढं लुगडं पसरायला दुसरीकडे जागा नाही. गालिच्यावर चादर टाकली आणि त्यावर चंद्रकळा उलगडली. दिवे सगळे लावले. सून एका टोकाला, मी दुसऱ्या. माझे डोळे आता नीट नाहीत, त्यामुळे मी कापड हातानं बघते. पदराकडून हात फिरवत निघाले. धड, धड, मग विरलेलं, मग ती जाळी, मग पुन्हा धड. आणि थोडं पुढे गेल्यावर माझ्या बोटाला काहीतरी लागलं.

रेघ होती. आडवी, काठापासून काठापर्यंत. नखाइतकी नाही, नखाच्या कडेइतकी. मी कापड उलटं केलं.

"हे बघ," मी म्हटलं.

"काय आहे?"

"दंड."

सून गुडघ्यांवर रांगत आली. तिला दिसेना. मी तिचं बोट धरून त्यावरून फिरवलं. तेव्हा तिला कळलं.

असा दंड मी माझ्या आईच्या हातचाही बघितलेला नाही. दोन्ही कडा आत दुमडलेल्या, टाके इतके बारीक की मोजायला भिंग लागेल, आणि दोराही दुकानातला नाही. लुगड्याचाच धागा काढून त्यानंच शिवलेलं. म्हणून तर दिसत नव्हतं. काठाला काठ असा भिडवलेला की तांबडी रेघ तुटत नाही.

"माईनं कापलं होतं?" सून म्हणाली.

"एक नाही, दोन कापली. हे बघ. हा पदराकडचा भाग आणि हा अलीकडचा, एका मागावरचे नाहीत हे. हा घट्ट विणलाय. ह्याचा काळा जांभळाकडे जातो, त्याचा काळा तपकिरी झालाय. काठाची नक्षी सारखी वाटते, पण हे फूल जरा लांबट आहे बघ. दोन चंद्रकळा होत्या. दोन्ही विरल्या, मग माईनं दोन्हींचं धड ते घेऊन एक केली."

"पण आई, आमच्याकडे काही कमी नव्हतं."

"वकिलाच्या घरात लुगडी वकिलाला विचारून येतात."

तिनं सोलापूरला भावाला फोन लावला. तिकडे सकाळ होती, तो दात घासत होता. हिनं विचारलं, माईकडे आधी दुसरी चंद्रकळा होती का, आजीची वगैरे? तो म्हणाला, "असेल बुवा. मी काय माईच्या निऱ्या तपासायला जात होतो?" आणि गुळणी करायला गेला.

म्हणजे दुसरी चंद्रकळा कोणाची, ते कळलं नाही. तिच्या आईची असेल, सासूची असेल, बाजारात जुनी मिळाली असेल. विचारायला कोणी उरलेलं नाही. मला त्यापेक्षा वेगळीच गोष्ट सुचत होती. माझ्या निऱ्या हलल्या होत्या त्या दिवशी घरभर बायका होत्या. वकिलाच्या बहिणी होत्या, शेजारणी होत्या. कोणालाही तो दंड दिसला नाही. विहिणीलाच दिसला. ज्या बाईच्या स्वतःच्या निऱ्यांत दंड असतो तिलाच दुसरीचा दिसतो. आणि तो पुढे आला की काय होतं, हेही तिलाच माहीत असतं.

हे मी सुनेला तिथेच सांगितलं. हिरवं लुगडं, ओटी, दोन बोटं, सगळं. ती ऐकत राहिली, एक हात त्या रेघेवर ठेवून. आणि मग रडली. चांगली मोठ्यानं रडली, नाक वाहीपर्यंत. वरून हे ओरडले, "आता काय फाडलंस?" मी म्हटलं, "काही नाही, तुम्ही गाड्या मोजा."

नाक पुसून सून म्हणाली, "कापा आई. पण हा तिचा दंड ठेवायचा."

"तो ठेवला तर दोन होतील. तोही धरून कापून टाकू, एकच राहील. स्वच्छ होईल."

"तो नाही कापायचा."

"अगं, मग माझा कुठे येईल सांगता येत नाही."

"येऊ दे कुठेही."

मी कात्री लावली. फाटका भाग निघाला तो हातात धरून विचारलं, "ह्याचं काय करू? जुनं सुती आहे, ओटा पुसायला फार चांगलं." तिनं माझ्या हातातून ओढून घेतला. कुठे ठेवलाय तिनं तो, मी विचारलेलं नाही.

शिवायला दोन संध्याकाळी गेल्या. मीही विहिणीसारखा लुगड्याचाच धागा काढायला गेले. निघाला, पण सुईत जाईपर्यंत तुटायचा. शेवटी दुकानातला काळा दोरा घेतला. तो चमकतो जरा. सुई ओवायला हे बसले होते, ह्यांचा मोतीबिंदू काढलाय, माझा राहिलाय.

"काय बारीक टाके घालतेस," हे म्हणाले. "कोण बघणार आहे?"

"विहीण."

"ती वर आहे."

"म्हणूनच. वरून जास्त दिसतं."

नातीनं एकदा डोकावून सांगितलं, "आजी, यू कॅन जस्ट यूज टेप. इस्त्रीवाली." मी तिला बाहेर काढलं. मग परत बोलावून एक टाका घालायला लावला. वाकडा घातला. तसाच ठेवला.

हळदीकुंकवाच्या दिवशी, रविवारी, घरात सकाळपासून तिळाचा वास होता. पुरुषांना तळघरात पाठवलं होतं. सून तयार व्हायला गेली आणि थोड्या वेळानं तिनं हाक मारली, "आई, जरा या ना."

ती आरशापुढे उभी होती. सहावारी नीट नेसली होती. तपकिरी काळा, जांभळा काळा, तांबडा पदर खांद्यावर. तिला शोभत होतं. माईचा दंड निऱ्यांत गेला होता, शोधूनही दिसला नसता. आणि माझा दंड आला होता डाव्या मांडीवर, बरोबर समोर, वरपासून खालपर्यंत उभा. दोऱ्याची चमक वेगळी दिसत होती.

माझ्या लक्षात आलं. मी जन्मात सहावारी नेसलेली नाही. शिवताना माझ्या डोक्यात दंड निऱ्यांत जाईल असाच अंदाज होता, पण तो अंदाज नऊवारीचा. हातांना तेवढंच माहीत. सहावारीच्या निऱ्या कुठे सुरू होतात, कुठे संपतात, हे मी सुनेला एकदा विचारलं असतं तर झालं असतं. तिला दंड कळत नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मी खाली बसले आणि दोन बोटांनी शेवटची निरी ओढून त्यावर घ्यायला बघितली. पुरली नाही. पुन्हा ओढली. मागून उचलून बघितलं. पिन लावून बघितली, तर तिथे चुणी पडली आणि आणखी नजरेत भरायला लागलं.

"सोड हे," मी म्हटलं. "ती निळी नेस. नाहीतर तो काळा ड्रेस घाल."

"नाही."

"अगं, बायका येतील. इथल्या बायकांची जीभ तुला माहीत आहे."

"आई, उठा," ती म्हणाली. "गुडघे दुखतील. राहू द्या तो तिथेच."

खाली बेल वाजली. ती गेली. मी आरशापुढे बसूनच राहिले थोडा वेळ. आत येणाऱ्या बायकांचे बूट, कोट, "हॅपी संक्रांत", "किती बर्फ यार", सगळं वर ऐकू येत होतं. शेवटी माझं तिळगुळाचं ताट खाली आहे, तर मला जावंच लागलं.

सगळ्या बसल्या होत्या. सून एकेकीला कुंकू लावत होती, वाकत होती, आणि प्रत्येक वेळी वाकली की माझा दंड लखलखायचा. नागपूरकडची एक मुलगी, नुकती लग्न होऊन आलेली, तिनं बोटच ठेवलं त्यावर.

"ताई, हे काय आहे? पॅचवर्क आहे का? कसलं भारी आहे. ऑनलाइन मिळतं?"

मी ताट हातात घेऊन उभी होते.

सून म्हणाली, "ह्याला दंड म्हणतात. लुगडं फाटलं की कापून जोडतात. ह्याला दोन आहेत. एक माझ्या आईनं घातलाय, एक सासूबाईंनी."

"दुसरा कुठाय?"

"निऱ्यांत. दिसत नाही." मग माझ्याकडे बघितलं. "माईचा दिसत नाही. ह्यांचा दिसतो."

सगळ्या हसल्या. सूनही हसली, तोंडावर हात न घेता. तिला इतकं हसताना मी त्या वर्षात बघितलं नव्हतं.

मी म्हटलं, "तिचे डोळे तरणे होते."

"हो आई."

"आणि तिच्याजवळ लुगड्याचाच धागा होता. माझ्या हातात तो तुटला."

"हो हो, आई. तिळगुळ द्या ना."

मी तिळगुळ दिला. जाताना त्या नागपूरच्या मुलीनं मला विचारलं, तिच्या आजीचं एक लुगडं आहे, फाटलेलं, तुम्ही असं करून द्याल का, पण बरं का, दंड समोर आला पाहिजे. मी म्हटलं, समोर येतो तो चुकलेला. ती म्हणाली, चुकलेलाच हवा. आताच्या पोरींना काय आवडेल सांगता येत नाही.

त्यानंतर सून मोकळी झाली. अजून जाता येत नाही तिला, कागद अजून तिथेच अडकलेत. पण माईचं बोलते आता, जेवताना, भांडी लावताना. मीही बोलते. काही खरं, काही भर घालून.

मी मात्र अडून बसले आहे. पुढच्या संक्रांतीच्या आत तो दंड उसवायचा आणि सहावारीच्या हिशेबानं पुन्हा घालायचा, असं मी ठरवलं आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन ह्या उन्हाळ्यात आहे, मग टाकेही नीट येतील. विहिणीपुढे असं हरून राहणं मला जमायचं नाही. सुनेला सांगितलं तर म्हणाली, "हात लावायचा नाही." चंद्रकळा आता ती माझ्या हाताला लागू देत नाही. कपाटात वरच्या फळीवर ठेवली आहे, जिथे मला स्टूल लागतं.

एवढं मात्र बघितलं आहे मी. महिन्या दोन महिन्यांनी ती स्वतःच ती खाली काढते, उलगडते आणि घडी बदलून परत ठेवते. वास गेलाच असेल एव्हाना.